कळसूबाई: निघण्याआधी सगळे विचारतात ते प्रश्न

कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावाला पहिल्यांदा गेलो तेव्हा कॉलेजात होतो. त्यानंतरची वीसेक वर्षं, वर्षातून एकदा तरी जाणं होतंच. कधी मित्र, कधी ऑफिसची टोळी, एकदा आई. त्यामुळे ओळखीत कुणाचं कळसूबाईचं ठरलं की फोन माझ्याकडे येतो, आणि प्रश्न ठरलेले असतात. ते एकदाचे लिहूनच टाकतो.

कळसूबाई नक्की आहे कुठे?

अकोले तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्यात (पूर्वीचा अहमदनगर). डोंगराची उत्तरेकडची बाजू नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात उतरते. म्हणून नाशिककर तिला आपली म्हणतात आणि नगरकर आपली. उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. चढायला सुरुवात बहुतेक जण बारी गावातून करतात. बारी म्हणजे खिंड. घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणारा रस्ता जिथे डोंगर ओलांडतो तिथलंच हे गाव, नाव अगदी सरळ पडलेलं आहे.

सह्याद्रीतलं सर्वात उंच शिखर हेच ना?

नाही. महाराष्ट्रातलं सर्वात उंच. सह्याद्रीची रांग खाली केरळपर्यंत जाते आणि तिथलं अनैमुडी २६९५ मीटर आहे, आपल्यापेक्षा हजारभर मीटरने जास्त. ‘महाराष्ट्राचं एव्हरेस्ट’ हे टोपणनाव टी-शर्टवर छापायला बरं आहे, पण त्यामुळे अर्धे लोक उगाच घाबरतात आणि उरलेले अर्धे उगाच फुशारतात.

हा किल्ला आहे का? वर गुहा, टाकी, तटबंदी?

यातलं काही नाही. कळसूबाई हे शिखर आहे, वर देवीचं छोटं मंदिर आहे, बस. किल्ला हवा असेल तर आसपास भरपूर आहेत. आणि महाराष्ट्रातला सर्वात उंच किल्ला विचाराल तर तो बागलाणातला साल्हेर, १५६७ मीटर. वर मुक्कामाला गुहा नाही हे डोक्यात ठेवून निघा. पाऊस आला तर आडोसा म्हणजे मंदिराची भिंत, आणि त्या भिंतीला तुमच्याआधी चाळीस जण टेकलेले असतात.

मला जमेल का? मी व्यायाम वगैरे करत नाही.

हा प्रश्न सर्वात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

बारीपासून माथ्यापर्यंत साधारण ८५० ते ९०० मीटर उंची चढावी लागते. हे डोळ्यांसमोर आणायचं तर तीन मीटरचा एक मजला धरा. जवळपास तीनशे मजले, एका दमात नाही, पण एका सकाळीत. यात दोर लावायचा नाही, कडा चढायचा नाही, वाट शोधायची नाही. शेतातल्या पायवाटा, दगडी आणि सिमेंटच्या पायऱ्या, रेलिंग आणि लोखंडी शिड्या. म्हणजे कौशल्य लागत नाही, दम लागतो.

सोपी परीक्षा सांगतो. तुमच्या इमारतीचा किंवा ऑफिसचा दहा मजल्यांचा जिना न थांबता चढा, उतरा, आणि लगेच आणखी दोनदा तेच करा. तिसऱ्यांदाही बोलता येत असेल तर कळसूबाई होईल. दुसऱ्याच खेपेला दाराशी बसावं लागलं, तर महिनाभर रोज तेच करा आणि मग या. जिना फुकट आहे आणि त्याला सुट्टी काढावी लागत नाही.

गुडघ्याचं जुनं दुखणं, दमा, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर मात्र जिन्याची परीक्षा पुरेशी नाही, डॉक्टरांना विचारा. आणि चढण्यावरून अंदाज बांधू नका. कळसूबाईवर माणसं चढताना धापा टाकतात आणि उतरताना लंगडतात. त्रास दुसऱ्या प्रकारचा जास्त असतो. उंच उंच पायऱ्यांवर दोन-अडीच तास सतत खाली आपटत यायचं म्हणजे गुडघे आणि मांड्या थरथरायला लागतात. मुरगळलेले घोटे मी जवळजवळ सगळे उतरतानाच पाहिले आहेत, माझ्या डाव्या घोट्यासकट.

किती वेळ लागतो? वाट कशी आहे?

सवय असलेल्याला वर जायला अडीच तास, बाकीच्यांना तीन-साडेतीन, कुटुंबकबिल्याला चार. उतरायला दोन ते तीन. वर तासभर धरला तर गाव ते गाव सात-आठ तास होतात.

बारीतून निघालं की आधी ओढा आणि भातखाचरं. पावसाळ्यात खाचरांच्या बांधावरून चालताना जपून पाय टाका. बांध फुटला तर त्या शेतकऱ्याचं पाणी जातं. मग पहिला चढ आणि देवीचं एक देऊळ लागतं. इथपर्यंत बहुतेकांना वाटतं की झालं अर्धं. झालेलं नसतं. मात्र हे देऊळ फार उपयोगाचं आहे, कारण ‘मला जमेल का’चं खरं उत्तर इथे मिळतं. तोंड लाल झालंय, मळमळतंय, पाय थरथरतायत, असं इथेच व्हायला लागलं तर नमस्कार करून परत फिरा. यात काही कमीपणा नाही.

पुढे डोंगर टप्प्याटप्प्याने चढतो: उभा कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा. ही रचना उगाच नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर ओतले गेले. कठीण थरांचे कडे उरले, ठिसूळ थर झिजून सपाट झाले. दख्खनच्या या थरांमधल्या तळच्या मोठ्या गटाला भूगर्भशास्त्रात ‘कळसूबाई उपगट’ असंच नाव आहे. आपल्याला त्याचा अर्थ एवढाच, की प्रत्येक कड्याला शिडी आणि प्रत्येक सपाटीवर लिंबू सरबत.

त्या शिड्यांची फार भीती वाटते. किती धोकादायक आहेत?

फोटोत दिसतात तेवढ्या नाहीत. तीन-चार ठिकाणी आहेत. लोखंडी जिन्यासारख्या, दोन्ही बाजूंना धरायला कठडा. शेवटची सर्वात उभी वाटते, कारण तिच्या वर फक्त आभाळ दिसतं.

खरा त्रास गर्दीचा. ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही एका शिडीच्या तळाशी चाळीस मिनिटं उभे होतो. धुकं, भुरभुर पाऊस, वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच शिडीवर, आणि मधोमध एक मुलगी कठड्याला मिठी मारून डोळे गच्च मिटून उभी. तिच्या ग्रुपचा लीडर वरून ‘काही नाही होत, ये’ असं ओरडत होता. एक गावकरी आजीबाई खालून आल्या, हातात काकड्यांची पिशवी. त्या मुलीच्या मागे एक पायरी खाली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “खाली बघू नको, माझ्या हाताकडं बघ.” दोन मिनिटांत दोघी वर. लीडर खजील झाला असावा, निदान मी तशी आशा धरून आहे.

या प्रसंगातून जे शिकलो ते सांगतो. भीती वाटणाऱ्याच्या मागे, एक पायरी खाली कुणीतरी उभं राहायचं. वरून ओरडून उपयोग होत नाही. चढताना आणि उतरतानाही तोंड शिडीकडे ठेवा, विशेषतः ओल्या शिडीवर. जिना उतरल्यासारखं पाठ करून उतरणारे घसरतात. एक हात कायम कठड्यावर. मोबाइल खिशात, खिशाला चेन. उतरणाऱ्यांना आधी वाट द्या, कारण त्यांचे पाय तुमच्यापेक्षा जास्त थकलेले असतात. गंजाने तळवे तांबडे होतात आणि लोखंडाचा वास दिवसभर जात नाही, त्याची तयारी ठेवा.

आणि एक महत्त्वाचं. मे महिन्यातल्या दुपारी किंवा परतीच्या पावसात ढग गडगडायला लागले तर वर जाण्याचा नाद सोडा. उघडा माथा आणि लोखंडी शिडी, विजेला याहून चांगली जागा नाही. माथा पुढच्या वेळीही तिथेच असतो.

जायला सर्वात चांगला महिना कोणता?

माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर. पाऊस ओसरलेला, हवा धुतलेली, उतारांवर सोनकीची पिवळी चादर, ओढ्यांना अजून पाणी. कारवी फुलण्याचं वर्ष गाठता आलं तर नशीबच. ती सात वर्षांतून एकदा फुलते. डिसेंबर-जानेवारीत वर बोचरी थंडी आणि वारा असतो, पण लांबवरचं दिसतं.

एप्रिल-मे टाळा म्हणत नाही, पण मग पहाटे पाचला चालायला लागा आणि दहाच्या आत उतरायला सुरुवात करा. अकरानंतर कातळ तव्यासारखा तापतो आणि वाटेत सावली जवळपास नाहीच. मेच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला मात्र एक वेगळंच कारण असतं: काजवे. पहिला पाऊस पडायच्या आधी भंडारदऱ्याच्या परिसरातली झाडं रात्री लुकलुकतात, सगळी एका लयीत. त्या दिवसांत गाड्यांची रांगही भंडारदऱ्यापर्यंत लुकलुकते, ते वेगळं. काजव्यांवर टॉर्च मारू नका, गाडीचे दिवे बंद ठेवा. उजेडात त्यांना एकमेकांच्या खुणा दिसत नाहीत आणि जोडीदार सापडत नाही.

आणि पावसाळा? सगळे फोटो पावसाळ्यातलेच असतात.

म्हणूनच सगळे पावसाळ्यात येतात. जुलै-ऑगस्टमध्ये इथला पाऊस म्हणजे चेष्टा नाही. जवळच्या घाटघरला लोक नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. डोंगर हिरवागार असतो, ढग पायाखालून जातात, सगळं खरं. पण वर पोचल्यावर दहातल्या सात वेळा पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही, आणि वारा असा की मंदिराच्या कोपऱ्यावर वळताना माणूस हलतो. माझी एक टोपी अशीच दरीत गेली.

शनिवार-रविवार आणि १५ ऑगस्ट टाळा. शक्य असेल तर मंगळवार-बुधवारी या. तोच पाऊस, तीच शिडी, पण तुमच्यापुढे तीनशेऐवजी तीन माणसं. ओढ्याला पाणी वाढलेलं दिसलं तर गावकरी जे सांगतील ते ऐका. ‘आपण गुडघाभर पाण्यातून आरामात जाऊ’ हा शहरी आत्मविश्वास त्या ओढ्याला माहीत नसतो. छत्री आणू नका, ती दुसऱ्याच्या डोळ्यात जाते.

मुंबई, पुणे, नाशिकहून कसं यायचं?

मुंबईहून कसाऱ्यापर्यंत लोकल आणि तिथून जीप किंवा एसटी, इगतपुरी-घोटीमार्गे बारी. कसाऱ्याहून दीडेक तास. स्वतःची गाडी असेल तर नाशिक महामार्गाने घोटी, मग भंडारदऱ्याच्या रस्त्याला उजवीकडे. पहिली लोकल पकडलीत तरी चालायला लागेपर्यंत नऊ-साडेनऊ होतात. उन्हाळ्यात हा हिशोब जमत नाही, आदल्या रात्री यावं लागतं.

नाशिकहून घोटीमार्गे दीड-दोन तास, सगळ्यात सोपं. पुण्याहून आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता, साडेचार-पाच तास धरा. पुणेकर मध्यरात्री निघून पहाटे चढतात आणि परत येताना ड्रायव्हरला डुलकी लागते. गाडी चालवणाऱ्याला वर नेऊ नका, किंवा नेलंत तर संध्याकाळी दोन तास झोपू द्या. हा सल्ला डोंगराबद्दलचा नाही, पण डोंगरापेक्षा जास्त जीव रस्त्यावर जातात.

परतीची एसटी गृहीत धरू नका. उतरल्यावर विचारण्यापेक्षा सकाळी चहाच्या टपरीवरच शेवटची गाडी कधी ते विचारून ठेवा.

रात्री चढून वर सूर्योदय बघायचाय. तंबू टाकता येईल का?

हा डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. त्यामुळे रात्रीचा वावर, मुक्काम, शेकोटी यांवर वनखात्याचे नियम लागू होतात आणि हंगामाप्रमाणे बंदीचे आदेशही निघतात, विशेषतः ३१ डिसेंबरच्या सुमारास. निघण्याआधी वनखात्याकडे किंवा बारीत ज्यांच्या घरी उतरणार त्यांच्याकडे विचारा. चौकीवर पावती फाडायला सांगितली तर फाडा, त्यावर वाद घालणारी माणसं मला कधीच कळली नाहीत. पाच हजारांचे बूट घालून लोक पन्नासच्या नोटेवर भांडतात.

परवानगी असेल आणि जायचंच असेल तर डोक्याला लावायची टॉर्च हवी, हातातली किंवा मोबाइलची नाही. शिडीवर दोन्ही हात लागतात. आणि वर मुक्काम नको. सूर्योदय गाठायचा तर दोन-अडीचला निघा, म्हणजे वर कुडकुडत बसावं लागत नाही.

वाटेत खायला-प्यायला मिळतं का?

सुट्टीच्या दिवशी जागोजाग टपऱ्या असतात. लिंबू सरबत, ताक, काकडी, कांदाभजी, मॅगी, चहा. अधल्यामधल्या वारी एखाद-दुसरी उघडी असते किंवा एकही नसते, तेव्हा त्यांच्या भरवशावर निघू नका. माणशी तीन लिटर पाणी, उन्हाळ्यात चार. शेवटच्या शिडीच्या आधी सपाटीवर विहीर आहे. एवढ्या उंचीवर विहीर बघून सगळे थबकतात. उन्हाळ्यात पाणी तळाला जातं. त्यावर डोंगरावरच्या टपऱ्यांचाही हक्क आहे, त्यामुळे हातपाय धुवायला ते वापरू नका.

टपरीवर दर जास्त वाटला तर एवढंच बघा: ती गॅसची टाकी, ते दूध, ते लिंबांचं पोतं कुणीतरी डोक्यावर घेऊन वर आलंय, तुम्ही ज्या शिडीवर डोळे मिटून उभे होता त्याच शिडीवरून.

खाली उतरल्यावर गावात आधी सांगून ठेवलं असेल तर पिठलं-भाकरी, ठेचा, भात मिळतो. भाताबद्दल थोडं थांबतो. अकोले तालुका जुन्या गावठी वाणांचा. याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना बियाणं जपण्याच्या कामासाठी पद्मश्री मिळाली. तेव्हा गावात काळभात किंवा नाचणीची भाकरी मिळत असेल तर मॅगी मागू नका. मॅगी घरी पण मिळते.

सोबत काय काय घ्यावं?

पकड चांगली असलेले बूट, आधी महिनाभर वापरलेले. नवे कोरे बूट घालून येणाऱ्याच्या टाचेला फोड येणार हे लिहून ठेवा. पाणी, ओआरएस, शेंगदाणे-गूळ किंवा खजूर, डोक्याला टोपी, पावसाळ्यात रेनकोट आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे कपडे (ते गाडीत ठेवलेले बरे). गुडघ्याला पट्टा लागत असेल तर चढताना नको, उतरताना बांधा. रोजची औषधं. उतरताना एक काठी फार कामाची, पण शिडीवर ती अडचण होते, म्हणून बॅगेला अडकवता येईल अशी घ्या. स्पीकर घरी ठेवा.

आई-बाबांना आणि लहान मुलांना नेऊ का?

सात-आठ वर्षांची चालती-पळती मुलं बहुतेक वेळा बापापेक्षा आधी पोचतात. त्यांना आवर घालावा लागतो तो शिड्यांवर. त्याहून लहान मुलांना पाठीवर घेऊन शिडी चढणारे वडील मी पाहिलेत, मला ते पटत नाही. तुमचा तोल तुमचा असतो, बाळाने मध्येच मागे झुकायचं ठरवलं की तो राहत नाही.

आईला नेलं तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती. नोव्हेंबरमधला एक बुधवार, सकाळी साडेसहाला सुरुवात. तिने आधीच सांगितलं होतं, “मला घाई करायची नाही आणि हात धरायचा नाही.” दर वीस मिनिटांनी ती थांबायची, पदराने तोंड पुसायची आणि कुणाशीतरी गप्पा मारायची. वाटेत भेटलेल्या प्रत्येक बाईचं माहेर तिला माहीत झालं. साडेचार तासांनी आम्ही वर होतो. तिने पिशवीतून खण, नारळ आणि हिरव्या बांगड्या काढल्या. हे सगळं तिने कधी भरलं होतं मला पत्ता नाही. ओटी भरून झाल्यावर ती दारापाशी बसली आणि मग पहिल्यांदा म्हणाली, “आता पाय दुखतायत.” उतरताना शेवटच्या तासात मात्र तिचा गुडघा बोलायला लागला आणि गावात पोचेपर्यंत पाच वाजले. तेव्हा वयाचं उत्तर असं: वेळ दुप्पट धरा, आडवार निवडा, आणि पहिल्या देवळापाशी परत फिरायची मुभा मनापासून द्या. ज्यांना चढणं शक्यच नाही त्यांच्यासाठी पायथ्यालाही देवीचं मंदिर आहे.

देवी कोण? कळसूबाई नाव कशावरून?

इथला मूळ समाज महादेव कोळी. राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे, इंग्रजांविरुद्ध उठाव केला म्हणून १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. देवीची गोष्टही याच लोकांची.

कळसू नावाची कोळ्यांची मुलगी होती, रानावनात भटकायची हौस असलेली. पायथ्याच्या इंदोरे गावात ती एका घरी कामाला राहिली, पण अट घालून: भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. काही दिवस बरं चाललं. मग एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला नेमकं तेच काम सांगितलं. तिने वाद घातला नाही. भांडी घासली, केर काढला, आणि सरळ डोंगर चढून गेली. ती पुन्हा खाली आली नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर टाकला ती काळदरा, अशी नावं जुन्या नोंदींतही सापडतात.

मला ही गोष्ट फार आवडते. यात राक्षस नाही, युद्ध नाही, वरदान नाही. घरच्यांनी ठरलेली अट मोडल्यावर एका कामाच्या बाईने नोकरी सोडली, एवढंच. आणि आपण तिला महाराष्ट्रात सर्वात उंच जागा दिली.

नवरात्रात वर मोठी जत्रा भरते. तेव्हा अनवाणी चढणाऱ्या बायका, डोक्यावर पूजेचं ताट घेतलेली माणसं, नवसाची पोरं असा सगळा गाव डोंगरावर असतो. त्या दिवसांत तुम्ही ट्रेकर नसता, यात्रेकरू असता. वाट त्यांची आहे, आपण बाजूला व्हायचं.

कचऱ्याचं काय?

जिने केर काढायला नकार दिला तिच्याच दारात आपण वेफर्सची पाकिटं टाकून येतो. आपला कचरा बॅगेत घालून खाली, आणि खाली म्हणजे बारीच्या चौकात नाही, आपापल्या शहरात. गावात एवढा कचरा उचलायची सोय नसते. ओला टिश्यू कुजत नाही. संत्र्याची सालंही माकडांसाठी टाकायची नाहीत.

माकडं त्रास देतात का? साप, बिबट्या?

माकडं हो. हातात पिशवी दिसली की संपलं. खाऊ बॅगेत आत, बॅगेची चेन बंद, आणि शिडीच्या तोंडाशी काही खायला काढू नका. दात दाखवून हसायचं नाही, त्यांच्याकडे त्याचा अर्थ वेगळा होतो. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठा.

साप पावसाळ्यात असतात. दगडाच्या फटीत न बघता हात घालू नका, एवढं पुरे. बिबटे तालुक्यात आहेत, पण गोंगाट करत जाणाऱ्या दोनशे माणसांच्या वाटेला ते येत नाहीत. मला जास्त काळजी आग्या मोहोळाची वाटते. कड्याला पोळी असतात. धूर, उग्र अत्तर आणि दगड मारण्याची खाज, तिन्ही टाळा.

ग्रुपबरोबर जावं की आपलं आपण?

बारीच्या वाटेला मार्गदर्शकाची गरज नाही. एकट्याने मात्र नको, निदान पहिल्यांदा. ग्रुपबरोबर जाणार असाल तर पैसे भरण्याआधी विचारा: वीस माणसांमागे लीडर किती, सर्वात शेवटी कोण चालणार, प्रथमोपचार येणारा माणूस कोण, आणि हवामान बिघडलं तर रद्द करता का. राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं, त्यानुसार आयोजकांनी पर्यटन खात्याकडे नोंदणी करायची असते. नोंदणी आहे का विचारल्यावर समोरचा रागावला, तर उत्तर मिळालं.

वर काही झालं तर?

११२ आणि १०८ हे दोन क्रमांक. रुग्णवाहिका गावापर्यंत येईल, तिथपर्यंत माणसाला आणायचं काम हाताने आहे आणि त्याला कित्येक तास लागतात. शिडीवरून स्ट्रेचर उतरवताना मी एकदाच पाहिलंय. सहा जण, दोर, आणि एका पायरीला अर्धा मिनिट. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन क्रमांक फोनमध्ये आधीच साठवून ठेवा. रेंज वाटेत येते-जाते. उघड्या सपाटीवर मिळायची शक्यता जास्त.

वरून काय दिसतं?

हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला भंडारदऱ्याचा जलाशय, त्यामागे रतनगड, आणखी लांब हरिश्चंद्रगड. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे तीन किल्ले खांद्याला खांदा लावून. पूर्वेला बितनगड, पट्टा, औंढा. उत्तरेला त्र्यंबकचे डोंगर, आणि हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी त्याच्याही पलीकडे सातमाळा रांगेची कंगोरेदार रेघ. नावं ओळखायला अर्धा तास लागतो आणि त्यावर भांडणं होतातच.

कळसूबाई झालं, आता पुढे काय? खरं क्लायम्बिंग करायचंय.

वरून दिसलेले अलंग-मदन-कुलंग हे त्याचं उत्तर, पण लगेच नाही. मदन आणि अलंगला सरळसोट कातळटप्पे आहेत, तिथे दोर, हार्नेस आणि ते बांधता येणारा माणूस लागतो. मध्ये रतनगड आणि हरिश्चंद्रगड करा. इंदोऱ्याकडूनही कळसूबाईला वाट येते, ती कमी वापरातली आहे. गावातला माणूस सोबत घेऊन ती केलीत तर हाच डोंगर वेगळा वाटेल.

दुसऱ्या दिवशी सुट्टी आहे. जवळ काय बघावं?

शेंडी-भंडारदऱ्याला मुक्काम. १९२६ साली पूर्ण झालेलं धरण, प्रवरेवरचा रंधा धबधबा, रतनवाडीचं अमृतेश्वराचं कोरीव मंदिर. साम्रदची सांदण दरी पावसाळ्यात अजिबात नाही. अमृतेश्वर सोडू नका, आणि तिथे जास्त चालावंही लागत नाही, जे दुसऱ्या दिवशी महत्त्वाचं असतं.

पाय किती दिवस दुखतात?

दुसऱ्या दिवशी फारसं नाही, तेव्हा सगळे ऑफिसात फोटो दाखवत हिंडतात. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरून आडवं आडवं उतरावं लागतं. कोमट पाण्याचा शेक घ्या, थोडं चालत राहा. चौथ्या दिवशी आई मला फोनवर म्हणाली, “देवळातल्या त्या बाईला बांगड्या मोठ्या झाल्या रे, म्हणाली होती मला. पुढच्या वेळी लहान मापाच्या नेऊ.”